समर्थनापेक्ष विधाने : ‘ज्ञानदेव एक की दोन’ या वादाची एक तपासणी

एम. ए. आणि पीएच. डी.चे प्रबंध तपासताना एक प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. ‘ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली’ या वाक्याला दोन-दोन, तीन-तीन तळटीपा जोडलेल्या असतात. आणि त्याच पृष्ठावर, ‘अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन असल्यामुळे अभंगकार निराळा होय’, किंवा याच्या अगदी उलट, ‘अभंगांतील अद्वैत ज्ञानेश्वरीतलेच असल्यामुळे दोहोंचा कर्ता एकच होय’, असे वाक्य कसल्याही आधारावाचून सुखाने नांदत असते. पहिल्या वाक्याविषयी लेखकाला, मार्गदर्शकाला अथवा परीक्षकाला तिळमात्र शंका नसते. दुसऱ्यावर मात्र सबंध प्रकरणाचा डोलारा उभा असतो. भिंत भक्कम आहे तेथे टेकू, आणि तुळई अधांतरी आहे तेथे काहीच नाही, असा हा विपरीत प्रकार केवळ विद्यार्थ्यांच्या अनवधानामुळे घडत नाही. आपल्या वाङ्मयेतिहासातील एका नामांकित वादातच तो मुरलेला आहे, आणि विद्यार्थी तो तेथूनच उचलतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा वाद अर्थातच ‘ज्ञानदेव एक की दोन’ हा होय. त्याचा निकाल लावण्याचा हेतू येथे नाही. त्यात केल्या गेलेल्या विधानांपैकी कोणती समर्थनापेक्ष होती, त्यांपैकी कोणाला समर्थन मिळाले आणि कोणती तशीच पदरात घेतली गेली, एवढेच पाहावयाचे आहे.

वादाचा इतिहास सुपरिचित असल्याने थोडक्यात सांगतो. इ. स. १८९८-९९ मध्ये शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रातून असे प्रतिपादन केले की, ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि ज्ञानदेवांच्या नावावर गायिल्या जाणाऱ्या अभंगांचा कर्ता या दोन भिन्न व्यक्ती होत. ज्ञानेश्वरीकार आपेगावचे, नाथपंथी, शैव परंपरेतील. अभंगकार आळंदीचे, विठ्ठलभक्त आणि उत्तरकालीन, असा त्यांचा साधारण पक्ष होता. भिंगारकरबुवांनी ‘केसरी’तून त्यांना उत्तर दिले. पुढे पुष्कळ अभ्यासक या वादात उतरले, रा. द. रानडे यांनीही इ. स. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील संतांविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याची दखल घेऊन एकत्वाचा पक्ष स्वीकारला. सोयीसाठी आपण या दोन पक्षांना द्वित्ववादी आणि एकत्ववादी असे म्हणू.

कोणते विधान समर्थन मागते, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे न्यायशास्त्राने फार बारकाईने केलेला आहे. परंतु मराठीच्या अभ्यासकाला ते शास्त्र ‘दर्शनांचा परिचय’ या प्रश्नपत्रिकेपुरतेच ठाऊक असते, ही खेदाची गोष्ट आहे. वात्स्यायनाने न्यायभाष्याच्या आरंभीच सांगून टाकले आहे की, जे मुळीच ठाऊक नाही त्याविषयी न्याय चालत नाही, आणि जे ठरूनच गेले आहे त्याविषयीही चालत नाही. ज्याविषयी संशय आहे तेथेच त्याची प्रवृत्ती. जे ठरलेले आहे ते पुन्हा सिद्ध करीत बसणे याला ‘सिद्धसाधन’ असे दोषवाचक नाव आहे. प्रबंधांतील शके १२१२ ची त्रिगुणित तळटीप म्हणजे बहुतेक वेळा असे सिद्धसाधनच असते. मात्र नव्यनैयायिकांना केवळ संशय ही कसोटी अपुरी वाटली. मेघगर्जना ऐकू आली म्हणजे मनात आधी कसलाही संशय नसताना आपण मेघाचे अनुमान करतोच. म्हणून गंगेशाने ‘पक्षता’ ठरविताना सिद्धीचा अभाव आणि सिद्ध करण्याची इच्छा या दोहोंचा मेळ घातला. एखादी गोष्ट ठरलेली असूनही ती सिद्ध करून पाहण्याची इच्छा असेल, तर अनुमानाला प्रत्यवाय नाही. संशोधकाच्या दृष्टीने ही सवलत मोलाची आहे. कारण सर्वमान्य गोष्टही पुन्हा तपासावयास घेण्याचा अधिकार तिच्यामुळे मिळतो. परंतु सवलत म्हणजे आज्ञा नव्हे.

आणखी एक भेद येथे उपयोगी पडतो. न्यायसूत्रांत सिद्धांताचे चार प्रकार सांगितले आहेत. सर्व शास्त्रांना मान्य तो सर्वतंत्र सिद्धांत; आपल्याच संप्रदायाला मान्य तो प्रतितंत्र; एखादी गोष्ट सिद्ध होताना जिच्यावाचून ती उभीच राहू शकत नाही अशी दुसरी गोष्ट तिच्याबरोबर गृहीत धरली जाते तो अधिकरण सिद्धांत; आणि पुढील विचार करता यावा म्हणून न तपासता तात्पुरती मान्य केलेली गोष्ट हा अभ्युपगम. वादात कोणते विधान कोणत्या खान्यात बसते हे ओळखता आले की समर्थन कोठे हवे हे निम्म्याहून अधिक कळून चुकते. सर्वतंत्राला समर्थन नको. प्रतितंत्राला प्रतिपक्षासमोर हवे, घरात नको. अभ्युपगमाला आज नको, पण तो अभ्युपगम आहे याची आठवण हवी. आणि अधिकरण सिद्धांत? तो सर्वांत अवघड. कारण तो बहुधा उच्चारलाच जात नाही.

शके १२१२ याच उदाहरणाने हे पाहू. ज्या ओवीत हा काल येतो ती टीकाकाराचा उल्लेख तृतीय पुरुषी करते आणि सच्चिदानंदबाबा लेखक झाले असे सांगते. त्यापूर्वीच्या ओव्यांत ‘ज्ञानदेव’ हे नाव येते, येथे ‘ज्ञानेश्वर’ येते. ही ओवी स्वतः ग्रंथकाराची की लेखनिकाची, हा प्रश्न एखाद्याने उपस्थित केला तर तो वेडगळ ठरणार नाही. परंतु ज्ञानदेववादात द्वित्ववादी व एकत्ववादी दोघांनीही हा काल निमूटपणे मान्य केलेला आहे, कारण दोघांचाही त्यात लाभ आहे. तेव्हा त्या वादापुरता तो समर्थनापेक्ष नाही. पाठचिकित्सकाच्या मेजावर तेच विधान गेले की ते समर्थनापेक्ष होते. समर्थनाची गरज विधानाच्या अंगी तिखटमिठासारखी मुरलेली नसते. ते विधान कोणत्या चर्चेत, कोणासमोर आणि कशाचा आधार म्हणून मांडले आहे, यावर ती ठरते. ‘हे वाक्य वादग्रस्त आहे काय?’ एवढेच विचारून थांबणाऱ्या विद्यार्थ्याने ‘या वाक्यावर काय उभे आहे?’ हेही विचारावयास हवे.

आता द्वित्ववाद्यांचे मुख्य हेतू पाहू. त्यांपैकी सर्वांत वजनदार मानला गेलेला हेतू भाषेचा होय. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची भाषा तुलनेने सोपी व अलीकडची. सबब कर्ते भिन्न. यातील पहिले अंग, म्हणजे दोन भाषांतील फरक, कोणत्याही वाचकाला जाणवतो. त्यासाठी व्याकरणाची पुस्तके उलगडावयाची गरज नाही. प्रतिपक्षानेही तो फरक नाकारला नाही. असे असता भाषेतील फरक दाखविणारी शब्दांची लांबलचक यादी देण्यात या वादाची पुष्कळ पाने खर्ची पडली. या श्रमांचा उपयोग नाही असे नाही. परंतु जे मान्यच होते त्याला समर्थन मिळाले. जे मान्य नव्हते, किंबहुना जे कोणी म्हटलेच नव्हते, ते असे : आज आपल्या हाती असलेल्या संहितेची भाषा ही त्या संहितेच्या कर्त्याची भाषा होय. या विधानावाचून भाषेतील फरकापासून कर्त्यांच्या भेदाकडे एक पाऊलही टाकता येत नाही. हाच तो अधिकरण सिद्धांत.

आणि हे विधान ज्ञानदेवांच्या बाबतीत किती नाजूक आहे! ज्ञानेश्वरीची संहिता एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच होता, परंतु पाठांतरांमुळे तो बिघडला होता, असा अभिप्राय त्यांनी स्वतः नोंदविला आहे. आणि यापुढे त्यात पदरची ओवी घालू पाहणाऱ्यांना कडक ताकीदही दिली आहे. ताकीद द्यावी लागली यावरून पूर्वी काय चालत असे याचा अंदाज बांधता येतो. (हाही अंदाजच, त्याला मी सिद्धांत म्हणत नाही.) वि. का. राजवाड्यांनी इ. स. १९०९ मध्ये आपल्याला मिळालेली प्रत एकनाथपूर्व मानून प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ज्ञानेश्वरीची संहिता निदान सोळाव्या शतकापासून अशी कोणाच्या तरी देखरेखीखाली आहे. अभंगांची गोष्ट निराळी. ते मुखोद्गत राहिले, कीर्तनात गायिले गेले, वाटेने चालताना म्हटले गेले. गाणाऱ्याच्या तोंडात शब्द वळतो, प्रत्यय नवा होतो, अपरिचित रूप गळून परिचित रूप येते. तेव्हा आपण जे तोलून पाहतो ते दोन कवींच्या भाषा नसून जतन होण्याच्या दोन रीती असतील, ही शक्यता खुलीच राहते. द्वित्ववाद खोटा, असा याचा अर्थ नव्हे. भाषेतील फरकाचे हे दुसरे कारण बाजूला सारल्यावाचून पहिले कारण सिद्ध होत नाही, आणि ते बाजूला सारण्याचे काम द्वित्ववाद्यांनी केले नाही, एवढाच याचा अर्थ.

येथे एक कबुली देणे भाग आहे. मी स्वतः अनेक वर्षे वर्गात असे सांगत असे की, ज्ञानेश्वरी हा पंडितसभेलाही तोंड देणारा ग्रंथ असल्याने तिची भाषा प्रौढ आहे आणि अभंग सर्वसामान्य भाविकांकरिता असल्याने कवीने भाषा सोपी केली. हे स्पष्टीकरण मुलांना आवडे, मलाही आवडे. एकदा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, “सर, कवीनं भाषा सोपी केली हे आपण कशावरून म्हणता?” मी म्हणालो, “त्यावाचून फरकाचा उलगडा होत नाही म्हणून.” ती म्हणाली, “पण उलगडा तर दोन कवी मानूनही होतो.” त्या तासाला मी घंटा होण्याची वाट पाहिली, हे लपविण्यात अर्थ नाही. एखाद्या विधानाने एखाद्या गोष्टीचा उलगडा होतो, हे त्या विधानाचे समर्थन नव्हे. अनेक उलगडे संभवत असतील तर मुळीच नव्हे. वैद्य जसा एकाच ज्वराची चार निदाने जाणतो आणि म्हणूनच पहिले सुचलेले निदान सांगून मोकळा होत नाही, तसेच येथेही असावयास हवे होते. ज्ञानेश्वरी स्वतःला देशीकार लेणे म्हणवून घेते, ती पंडितांसाठी होती हे तरी मी कशावरून धरून चाललो होतो?

द्वित्ववाद्यांचा दुसरा हेतू विठ्ठलाच्या अनुल्लेखाचा. अभंगांत पदोपदी विठ्ठल आहे, ‘बापरखुमादेवीवरु’ ही मुद्रा आहे. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचे वा पंढरीचे नाव नाही. ज्ञानेश्वरीकार स्वतःला महेशाच्या अन्वयात जन्मलेला म्हणवितो आणि आदिनाथापासूनची नाथपरंपरा सांगतो. म्हणून तो विठ्ठलभक्त नव्हे. हा हेतू भाषेच्या हेतूपेक्षा अधिक कसदार आहे असे माझे मत आहे. आणि म्हणूनच त्यात समर्थन कोठे कमी पडते ते नीट पाहिले पाहिजे. अभावावरून अनुमान करण्याविषयी आपल्या शास्त्रकारांनी एक अट घातली आहे : अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. उजेड असलेल्या खोलीत घट दिसला नाही तर तो नाही असे म्हणता येते, कारण असता तर दिसला असता. पिशाच दिसले नाही एवढ्यावरून ते नाही असे म्हणता येत नाही. तेव्हा ‘ज्ञानेश्वरीत विठ्ठल नाही’ हे विधान समर्थनापेक्ष नाही. ग्रंथ समोर आहे, कोणीही पाहावा. समर्थनापेक्ष आहे ते विधान असे : ग्रंथकार विठ्ठलभक्त असता तर या ग्रंथात विठ्ठलाचा उल्लेख आलाच असता.

हे विधान सिद्ध करणे अशक्य नव्हते. त्यासाठी काही सामग्री उपलब्धही आहे. पंढरपूरच्या ‘चौऱ्याऐंशीच्या शिलालेखा’त शके ११९५ ते ११९९ या काळातील देणग्यांच्या नोंदी आहेत आणि त्यांत खुद्द रामचंद्रदेव यादवाचे नाव येते, त्याच राजाचे नाव ज्ञानेश्वरीच्या शेवटी आहे. म्हणजे त्या राज्यात, त्याच पिढीत, विठ्ठल हे दैवत राजमान्य होते. ग्रंथकाराला ते ठाऊक नसणे संभवत नाही. येथवर द्वित्ववाद्यांचे पारडे जड होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि गीतेच्या टीकेत उल्लेख करण्याचे प्रयोजन असणे निराळे. टीकाकाराला मूळ ग्रंथाचे बंधन असते. समोर श्रीकृष्ण आहेत, अध्यायांच्या आरंभी गणेश, शारदा आणि विशेषेकरून श्रीगुरू निवृत्तिनाथ यांचे स्तवन आहे. विठ्ठलभक्तीविषयी वाद नाही अशा इतर कवींच्या टीकाग्रंथांत विठ्ठलाचे नाव किती वेळा आणि कोणत्या प्रसंगी येते, हे मोजून पाहिले असते तर अनुपलब्धीची योग्यता ठरविता आली असती. हे काम एका प्रबंधाचे आहे, आणि ते कोणी विद्यार्थी हाती घेईल तर त्याचे स्वागत होईल.

एकत्ववाद्यांनी याला जे उत्तर दिले तेही पाहण्यासारखे आहे. बाराव्या अध्यायात भक्ताची थोरवी वर्णन करताना महेशाचा उल्लेख येतो आणि लगेच पुढे श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की, मी त्याला मस्तकी वाहतो. पंढरीच्या मूर्तीच्या मस्तकी शिवलिंग आहे अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे; तेव्हा हा पांडुरंगाचाच उल्लेख होय, असा अर्थ काही अभ्यासकांनी लावला. हे सुचणे मोठे मार्मिक आहे यात शंका नाही. परंतु ते किती पायऱ्यांवर उभे आहे ते मोजावे. ‘त्याला’ या सर्वनामाने शिव घ्यावयाचा, भक्त नव्हे, ही पहिली पायरी. आणि प्रकरण तर भक्ताच्या स्तुतीचे चालले आहे. मस्तकी वाहणे हा आदर दाखविण्याचा सामान्य वाक्प्रचार नसून मूर्तीचे वर्णन आहे, ही दुसरी. मूर्तीविषयीची ती श्रद्धा तेराव्या शतकातही तशीच होती, ही तिसरी. तिन्ही पायऱ्या समर्थनापेक्ष. तिन्हींवरून लेखक एका दमात चढून जातात आणि माथ्यावरचे दृश्य वर्णन करू लागतात.

एकत्ववाद्यांचा भरवसा याहून अधिक नामदेवांच्या साक्षीवर होता. आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांत ज्ञानदेवांचे समग्र चरित्र आहे : आळंदी आहे, विठ्ठल आहे, भावंडे आहेत, समाधीचा सोहळा आहे. समकालीन, किंबहुना सहप्रवासी साक्षीदार. यापेक्षा आणखी काय हवे? परंतु नामदेवांच्या नावावरील अभंगांची स्थिती ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगांहून बरी नाही. ‘नामा’ या मुद्रेखाली एकाहून अधिक कवी वावरतात, विष्णुदास नामा त्यांत आहे, हे वाङ्मयेतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविले जाते. ज्ञानदेवांच्या अभंगांचे कर्तृत्व संशयित आहे म्हणून ते ठरविण्यासाठी आपण साक्षीदार बोलावला, आणि तो साक्षीदारही त्याच संशयाच्या पिंजऱ्यात उभा! हेतू हा साध्याइतकाच सिद्ध व्हावयाचा राहिला असेल तर त्या दोषाला न्यायसूत्रांनी ‘साध्यसम’ असे नाव दिले आहे. नामदेवांची साक्ष टाकाऊ आहे, असे यावरून ठरत नाही. तिच्यातील कोणता भाग किती जुना हे आधी ठरवावे लागेल, एवढेच ठरते.

रानड्यांनी वेगळी वाट धरली. ज्ञानेश्वरी, अनुभवामृत आणि अभंग यांतील कल्पना, दृष्टांत व शब्दप्रयोग यांची सादृश्ये दाखवून कर्ता एकच असल्याचे त्यांनी प्रतिपादिले. सादृश्ये खरी आहेत. त्यांना समर्थन नको. परंतु सादृश्य आणि एककर्तृकत्व यांची व्याप्ती? ज्या परंपरेत ज्ञानेश्वरी पारायणाने मुखोद्गत होते, त्या परंपरेतील एखाद्या उत्तरकालीन कवीच्या रचनेत तिचे दृष्टांत येणारच. न आले तर नवल. एकनाथांच्या रचनेवर ज्ञानेश्वरीचा ठसा आहे म्हणून एकनाथ आणि ज्ञानदेव एकच होते असे कोणी म्हणत नाही. हेतू जर साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळत असेल तर तो सव्यभिचार होय. रानड्यांसारख्या तत्त्वज्ञाला हे अवगत नव्हते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांना सादृश्यापलीकडे अनुभवाची एकता प्रतीत होत असावी. परंतु ती प्रतीती प्रतितंत्र होय. ज्याला ती नाही त्याच्यासमोर ती हेतू म्हणून ठेवता येत नाही.

परंपरा हेच प्रमाण, असे म्हणणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्यांची नेहमी उपेक्षा होते. त्यांचे म्हणणे मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यवादाच्या जवळ जाते : ज्ञान उत्पन्न होताच प्रमाण असते, ते खोटे आहे असे म्हणणाऱ्याने बाधक दाखवावे किंवा कारणातील दोष दाखवावा. कित्येक शतके ज्ञानदेव एकच मानले गेले, तेव्हा सिद्ध करण्याचा भार द्वित्ववाद्यावर. ही भूमिका अडाणीपणाची नव्हे. प्रत्येक रूढ गोष्टीचे समर्थन आधी मागावयाचे ठरविले तर संशोधनाला उभे राहावयास पाटावरची जागाही उरणार नाही. भारद्वाजांनीही हा भार नाकारला नाही. त्यांनी हेतू दिले. ते हेतू निर्णायक नसतील, परंतु संशय उत्पन्न करण्याइतके पुरेसे होते, आणि संशय एकदा रीतसर उत्पन्न झाला की परंपरेला नुसते ‘मी आहेच’ म्हणून भागत नाही. भारद्वाजांचे श्रेय मी येथे मानतो. ज्या गोष्टीला समर्थनाची जरुरी आहे असे कोणालाच वाटत नव्हते, तिला ती जरुरी आहे हे त्यांनी दाखविले. त्यांच्यावर झालेल्या टीकेतील पुष्कळसा भाग त्यांच्या हेतूंवर नसून त्यांनी शंका घेतलीच कशी यावर होता. तो भाग वादाच्या इतिहासात जमा होतो, वादात नव्हे.

एवढे पाहिल्यावर मुख्य गोष्ट सांगता येईल. दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे समर्थन मागितले ते एकमेकांशी न जुळणाऱ्या विधानांचे. ज्यावर दोघे जुळत होते त्याचे समर्थन कोणी मागितले नाही, आणि वस्तुतः तेच सर्वांत अधिक समर्थनापेक्ष होते. द्वित्ववादी म्हणतात, अभंगांचा कर्ता दुसरा. एकत्ववादी म्हणतात, अभंगांचा कर्ता तोच. ‘अभंगांचा कर्ता’ असा कोणी एक आहे, छापील गाथेतील ज्ञानदेवांच्या मुद्रेचे सारे अभंग हा एकाच हातचा संच आहे, हे दोघांनीही धरून चालविले. त्या संचात काही जुने, काही नवे. काही ज्ञानदेवांचे, काही त्यांच्या नावाने रचलेले. काही मुळात दुसऱ्याच मुद्रेचे, गाताना सरमिसळ झालेले, असे असू शकेल. तसे असेल तर ‘एक की दोन’ हा प्रश्नच बरोबर मांडलेला नाही. उत्तर ‘अनेक’ असेही येऊ शकते, आणि त्या अनेकांत ज्ञानेश्वरीकारही असू शकतो. पण वादी आणि प्रतिवादी एकाच सतरंजीवर बसले असता सतरंजीखाली काय आहे हे पाहावयास दोघांपैकी कोणीच उठत नाही.

कायद्याने ही अडचण ओळखली आहे. उभयपक्षी कबूल असलेली गोष्ट सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, असे इ. स. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. मात्र त्याला एक परंतुक जोडलेले आहे : न्यायालयाला वाटल्यास कबूल गोष्टही त्या कबुलीखेरीज अन्य पुराव्याने सिद्ध करावयास ते सांगू शकते. वाङ्मयीन वादात न्यायाधीश नसतो. त्याची जागा वाचकाने, आणि विद्यापीठात परीक्षकाने, घ्यावयाची असते. परंतु आपण परीक्षक बहुधा दोहोंपैकी एका पक्षात आधीच नाव नोंदवून बसलेलो असतो.

सायंकाळी हरिपाठ म्हणणारा वारकरी या वादात पक्षकार नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. तो हरिपाठाच्या कर्तृत्वाविषयी काही विधान करीत नाही. तो हरिपाठ म्हणतो. त्याच्याकडे समर्थन मागणे हे मंदिरात पादत्राणे घालून जाण्याइतकेच अप्रस्तुत होय. परंतु तोच हरिपाठ पुढे करून ‘तेराव्या शतकातील मराठी भक्तिभावनेचे स्वरूप’ असे प्रकरण लिहिणारा अभ्यासक मात्र विधान करीत असतो, आणि त्याच्याकडे समर्थन मागावेच लागते. श्रद्धेच्या आडोशाला उभे राहून ते टाळता येणार नाही.

काम कोठून सुरू करावयाचे हेही फारसे गूढ नाही. ज्ञानदेवांच्या मुद्रेचा प्रत्येक अभंग कोणत्या हस्तलिखित बाडात प्रथम आढळतो, त्या बाडाचा काल काय, तेथे त्याची मुद्रा कोणती, पाठ कसा आहे, याची एकेका अभंगागणिक नोंद केली पाहिजे. मठांत, संस्थांच्या संग्रहांत, वारकरी घराण्यांतील फडताळांत बाडे आहेत. हे काम कंटाळवाणे आहे, वर्षानुवर्षांचे आहे, आणि त्यातून कदाचित एवढेच निष्पन्न होईल की अमुक अभंग अमुक शतकापूर्वी नक्की होते, त्यापलीकडे काही सांगता येत नाही.

मघाशी जिचा उल्लेख केला त्या विद्यार्थिनीने पुढे संतवाङ्मयावरच प्रबंध लिहिला. त्यात तिने आद्यंत ‘ज्ञानदेवांच्या नावावरील अभंग’ असाच शब्दप्रयोग केला होता. तोंडी परीक्षेच्या वेळी बाहेरून आलेल्या एका विद्वान परीक्षकांनी तो लांबलचक असल्याचे सांगून ‘ज्ञानदेवांचे अभंग’ अशी दुरुस्ती सुचविली. तिने नम्रपणे विचारले, “दुरुस्ती करते सर; तिथे तळटीप कोणती देऊ?” परीक्षकांनी थोडा वेळ प्रबंधाची पाने चाळली आणि मग मूळचाच शब्दप्रयोग राहू द्यावा असे सांगितले.